शेवगा बियांपासूनच का

शेवगा लावायचा म्हटला की आपल्याकडे हात आधी कोयत्याकडे जातो. कुणाच्या तरी परसातल्या जुन्या झाडाची मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब फांदी तोडून आणायची, दोन दिवस सावलीत ठेवायची, वरच्या कापलेल्या टोकाला शेण थापायचे आणि मृगाच्या तोंडावर ती कुंपणाकडेला रोवून द्यायची. पावसात तिला डोळे फुटतात, श्रावणापर्यंत पालवी डोलू लागते. रीत सोपी आहे, खात्रीची आहे, आणि शेजारधर्मालाही शोभणारी आहे, कारण ती फांदी बहुधा मागून आणलेली असते. त्यामुळे शेवग्याला बी असते आणि ते पेरताही येते, हे अनेक घरांत कुणाच्या मनातच येत नाही. झाडावर राहून गेलेल्या शेंगा चैत्रात वाळून खडखडतात, उकलतात, त्यांतले बी अंगणभर उडते आणि सकाळी केराबरोबर गोळा होऊन जाते. त्या बियांची बाजू मला मांडायची आहे. घरच्या परसात, गच्चीवर, सोसायटीच्या कुंपणालगत, जिथे कुठे दोन हात माती आहे तिथे शेवगा बियांपासून वाढवावा; फांदी लावण्याची वेळ त्यानंतरची. या म्हणण्याला आक्षेप पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पण आधी बी म्हणजे काय ते पाहायला हवे.

शेवग्याचे बी हरभऱ्याहून थोडे मोठे, गोलसर, तपकिरी, आणि त्याला कागदासारखे पातळ असे तीन पंख. शेंगही तीन धारांची. वाळली की तीन फाकांत उकलते. टरफल फोडले तर आत पांढरा गर निघतो आणि त्या गराच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेल असते. हे तेल सहजी खवट होत नाही, म्हणून युरोपात एके काळी ते ‘बेन तेल’ या नावाने अत्तरांसाठी आणि घड्याळांच्या नाजूक यंत्रांना देण्यासाठी वापरत. गरात एक प्रथिनही असते, त्याच्यावर धन विद्युतभार असतो. गढूळ पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. बियांची पूड अशा पाण्यात ढवळली की कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका पुराचे लाल पाणी असे निवळून घेत. सामिया अल अझारिया जान या जर्मन संशोधिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या रीतीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून ती जगापुढे आणली. अशा पाण्यातले सगळे जंतू मरतात असे नाही आणि ते फार दिवस साठवूनही चालत नाही, पण गाळ बसतो हे निश्चित. आपण केरात टाकतो त्या वस्तूत एवढे काही भरलेले आहे. आणि ते तेल, ते प्रथिन मुळात पाणी निवळण्यासाठी किंवा घड्याळासाठी साठवलेले नाही. उगवणाऱ्या रोपाची ती पहिल्या काही दिवसांची शिदोरी आहे.

ही शिदोरी कशावर खर्च होते ते पाहिले की माझ्या मुद्द्याचा गाभा हाती येतो. उबदार, ओलसर मातीत शेवग्याचे बी आठवड्या-दोन आठवड्यांत उगवते. वालाचे किंवा चिंचेचे बी उगवताना जाड दले मातीबाहेर उचलून धरते. शेवगा तसे करत नाही. त्याची दले मातीतच राहतात आणि वर येतो तो बारीक, नाजूक कोंब. तो पाहून रोप अशक्त आहे असे वाटते. पण पहिली कमाई खाली गेलेली असते. वर वीतभर रोप दिसते तोवर खाली सोटमूळ सरळ उतरलेले असते, आणि दोन-तीन महिन्यांत ते मुळ्यासारखे पांढरे आणि मांसल होते. वासही मुळ्याचा, मोहरीचा. शेवगा आणि मोहरी वनस्पतिशास्त्रात एकाच गणातली असल्यामुळे त्यांच्या तिखटपणामागची रसायनेही एकाच जातीची आहेत. इंग्रज अमदानीत साहेबलोक ही मुळी किसून आपल्याकडच्या हॉर्सरॅडिश या तिखट मुळाऐवजी मांसाबरोबर खात आणि झाडालाही त्यांनी तेच नाव दिले. मुळीत विषारी द्रव्ये असल्यामुळे तो प्रयोग कुणी करू नये. सांगायचे ते एवढेच की ही मुळी पाण्याचे आणि अन्नाचे कोठार असते. उन्हाळ्यात कोवळे रोप वरून पार वाळले, शेळीने खाल्ले किंवा कुणी पायाखाली तुडवले, तरी अनेकदा पहिल्या पावसात त्याच जागी नवा कोंब येतो.

फांदीला हे कोठार नसते. तिला मुळे फुटतात ती जमिनीत पुरलेल्या भागातून, बाजूंना पसरणारी, वरवरच्या थरात राहणारी. तिचे वरचे अंग मात्र पहिल्या दिवसापासून मोठे असते, कारण ती लावतानाच मनगटाएवढी असते. म्हणजे डोलारा मोठा आणि पाया उथळ. वळवाच्या वाऱ्यात शेवगा मुळासकट कलंडला की आपण म्हणतो, शेवगा मुळातच कच्चा. लाकूड ठिसूळ आहे, हा दोष झाडाचा आहे आणि तो बियांनी जात नाही. पण कलंडण्यात निम्मा दोष लावण्याच्या रीतीचा आहे. कोकणात पाण्याची चिंता नसली तरी वाऱ्याची आहे. मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरच्या बाजूला वाऱ्यापेक्षा पाण्याची आहे. दोन्हीकडे सोटमूळच कामाला येते. ज्या जिल्ह्यांत मार्चपासून टँकर सुरू होतात, तिथे घरच्या झाडाला रोज बादलीभर पाणी घालणे कुणाला परवडत नाही. अशा ठिकाणी खोल गेलेल्या मुळावर तगून राहणारे झाड आणि पाण्यावाचून माना टाकणारे झाड यांतला फरक त्या घराला भाजी मिळते की नाही इतका प्रत्यक्ष असतो.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. फांदी लावली म्हणजे नवे झाड जन्माला येत नाही, जुनेच झाड दुसऱ्या जागी वाढू लागते. पिढ्यान्‌पिढ्या फांद्या मागून लावल्या की एखाद्या वाडीतले सगळे शेवगे म्हणजे एकच झाड अनेक ठिकाणी उभे असते: तीच चव, तोच बहराचा काळ, आणि तीच दुखणी. बियांचे तसे नाही. शेवग्याची पांढरट, मधाच्या वासाची फुले भुंग्यांना आणि मधमाश्यांना बोलावतात. काळे मोठे भुंगे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पराग नेतात, आणि बहुतांश बी दोन निराळ्या झाडांच्या संयोगातून धरते. म्हणून एकाच शेंगेतल्या दहा बिया दहा स्वभावांची झाडे देऊ शकतात. कोकणातल्या माणसाला हे आंब्यावरून चटकन कळेल. हापूसची कलमे म्हणजे एकाच निवडलेल्या झाडाची रूपे. रायवळ आंबा कोयीपासून येतो आणि प्रत्येक झाडाचा आंबा निराळा. एक लोणच्याचा, एक चोखून खायचा, एक साटांचा. कलमांच्या बागा उभ्या राहिल्या आणि रायवळांची झाडे लाकडासाठी गेली, तेव्हा आपण नेमके काय गमावले याचा हिशेब आजही लागलेला नाही. ती कोयीची झाडे कुणी ठरवून जपली नव्हती. कोयी फेकल्या जात, त्यांतल्या काही रुजत, आणि वैविध्य आपोआप टिके. शेवग्याच्या बाबतीत बी फेकले जाते आणि झाडूनही टाकले जाते.

शेवग्याचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचा वायव्येकडचा पट्टा. तिथून तो भारतभर आणि मग आफ्रिका, फिलिपिन्स, कॅरिबियन बेटे असा जगभर गेला. जिथे एखाद्या झाडाचे मूळ असते तिथेच त्याची सर्वांत जास्त रूपे सापडायची. बाहेर गेलेली रोपे मूठभर बियांची संतती असतात. म्हणजे हे वैविध्य जपण्याची जबाबदारी जगात कुणाची असेल तर ती आपली आहे. महाराष्ट्राचा तर यात आणखी एक भाग आहे. शेवग्याच्या कुळात एकच प्रजाती-समूह असून त्यात तेरा जाती आहेत, आणि त्यांतल्या एकीच्या शास्त्रीय नावात कोकण आहे: मोरिंगा कोंकनेन्सिस. हा रानशेवगा कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर वाढतो, त्याची पर्णिका आपल्या शेवग्याहून मोठी असते. १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर डाल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ निघाला, त्यात त्याची नोंद आहे. दीडशेहून अधिक वर्षे तो आपल्या यादीत आहे. परसबागेच्या गप्पांत मात्र त्याचे नाव निघत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: बियांपासून झाड व्हायला वेळ लागतो, फांदीला लवकर शेंगा येतात. हा आक्षेप एके काळी बरोबर होता. तमिळनाडूत पेरियाकुळम्‌ येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने १९८९ साली ‘पीकेएम-१’ हा वाण दिला आणि तो आक्षेप संपला. स्थानिक शेवग्यातून पिढ्यामागून पिढ्या स्वपरागण करून निवडत नेलेला हा वाण केवळ बियांपासून लावतात. पेरणीपासून साधारण सहा महिन्यांत त्याच्या पहिल्या शेंगा निघतात, शेंग ६५ ते ७५ सेंटिमीटर लांब भरते, आणि एका झाडाला वर्षाला दोनशेच्या वर शेंगा धरतात. एका हेक्टरला अर्धा किलो बी पुरते. तेवढ्याच रानाला फांद्या लावायच्या तर गाडीभर आणाव्या लागतील. आज महाराष्ट्रातल्या शेतांत दिसणारा शेवगा बहुतेक अशाच बियांचा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेही ‘कोकण रुचिरा’ हा आपला वाण दिलेला आहे. म्हणजे शेतकऱ्याने फांदी केव्हाच सोडली. जुनी रीत धरून बसले आहे ते घर. गावठी, बहुवर्षायू झाडाचे बी पेरले तर शेंगांना वर्ष-दोन वर्षे लागतात हे खरे, पण पाला पहिल्या वर्षीच खुडता येतो, आणि परसातल्या झाडाला बाजाराची तारीख गाठायची नसते.

मग घरीही ‘पीकेएम-१’च लावावा का? लवकर शेंगा हव्या असतील त्याने जरूर लावावा. पण शेतातला शेवगा झपाट्याने एकसारखा होत आहे, आणि शेतकऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. त्याला एकाच वेळी, एकाच लांबीच्या शेंगा हव्या असतात; व्यापारी पेंढी बांधताना लांबी पाहतो. कर्जाच्या हप्त्यावर उभे असलेले पीक नशिबावर सोडता येत नाही. तो धोका घर पत्करू शकते. एका झाडाची शेंग आखूड निघाली तर घराचे दिवाळे निघत नाही. म्हणून निरनिराळ्या गावठी झाडांचे बी रुजवण्याचे काम शेतापेक्षा परसाचे आहे असे मला वाटते. कुणा मावशीच्या दारचा बारमाही शेवगा, एखाद्या देवळामागचा गरदार शेंगांचा, एखाद्या वस्तीवरचा फुलांनी लगडणारा, यांचे बी गोळा करून पेरणारी घरे असली तरच ती रूपे पुढे जातील.

यावर खरा वजनदार आक्षेप असा की बियांचे झाड कसे निघेल याचा भरवसा काय? आई झाडाची शेंग गोड होती म्हणून लेकीची गोडच असेल असे नाही. कडसर, चोथट, आतून पोकळ शेंगांची झाडेही बियांतूनच निघतात. हे पूर्ण मान्य आहे. पण धोका किती मोठा आहे ते मोजले पाहिजे. आंब्याच्या कोयीपासून फळ बघायला सहा-आठ वर्षे जातात, आणि तेव्हा आंबा आंबट निघाला तर माणूस हळहळतो ते समजू शकते. शेवग्याचा निकाल वर्ष-दोन वर्षांत लागतो. दोन-तीन बिया जवळजवळ पेरल्या, चव पाहून एक ठेवली आणि बाकीची पाल्यासाठी छाटत राहिले, तर वाया काहीच जात नाही, कारण शेंग कशीही निघाली तरी पाला खाण्याजोगाच असतो. आणि नशीब उघडून उत्तम शेंगेचे झाड निघाले, तर तेव्हा जरूर त्याची फांदी तोडून शेजाऱ्यांना द्यावी. चांगले झाड सापडते ते बियांतून, आणि सापडलेले टिकते ते फांदीतून. दोन्ही रीतींना आपापले काम आहे. आज आपण फक्त टिकवण्याची रीत चालवतो आहोत आणि शोधण्याची बंद केली आहे. जिथे आजीच्या हातच्या झाडाची आठवण जपायची असेल तिथे फांदीच लावावी, यात वाद नाही. पण एकाच झाडाच्या फांद्या लावत राहिलो तर त्या झाडाला एखादा रोग जडला की सगळ्या वाडीतला शेवगा एकदमच जाईल.

दारात शेवगा नसावा, ही समजूत महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे. कुणी भूत राहते म्हणतात, कुणी घराला दारिद्र्य येते म्हणतात. तमिळ वेताळकथांतला वेताळही शेवग्यालाच लोंबकळतो, म्हणजे हा संशय फक्त आपलाच नाही. अशा समजुतीला अडाणीपणा म्हणून झटकणे मला पटत नाही, कारण तिच्या मुळाशी पाहिलेले काही असावे. शेवग्याचे लाकूड हलके आणि भुसभुशीत असते. त्यावर चढलेले मूल फांदीसकट खाली येते, वादळात मोडलेली फांदी कौले फोडते. पावसाळ्यानंतर केसाळ सुरवंट खोडावर शेकड्यांनी एकवटून बसतात, त्यांचे केस अंगाला लागले की खाज आणि गांधी उठतात. ज्या घरात तान्ही मुले रांगत असतात त्या घराने असे झाड दाराशी नको म्हटले तर ते शहाणपणच आहे. मात्र यातला प्रत्येक दोष उंच, बेलगाम वाढलेल्या झाडाचा आहे. बियांचे रोप अडीच फुटांचे झाले की त्याचा शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटतील, त्यांचेही शेंडे खुडावेत. बहर संपला की झाड दरवर्षी कमरेइतके ठेवून छाटावे. असे झाड माणसाच्या हाताच्या उंचीत राहते, त्यावर कुणी चढत नाही, त्याची फांदी कौलावर पडत नाही, आणि सुरवंट दिवसा खोडावर गोळा झालेले असतानाच साबणाच्या पाण्याने त्यांचा बंदोबस्त करता येतो. फांदीचे झाडही असे छाटता येईल, पण ते मुळातच उंच आणि जून लावलेले असते. रोपाला पहिल्यापासून वळण लावता येते.

एवढी खटपट कशासाठी, शेंगा तर बाजारात मिळतात, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर शेंगांचे नाही, पाल्याचे आहे. शेंगा मिळतात, फाल्गुन-चैत्रात स्वस्त आणि थंडीत कडाडलेल्या भावाने, पण मिळतात. पाला मिळत नाही. तो खुडल्यावर काही तासांत मलूल होतो, पर्णिका गळू लागतात, म्हणून शहरातल्या भाजीवाल्याला तो ठेवणे परवडत नाही. पाला खायचा तर झाड हाताशी हवे. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, सोबत आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. भर पावसात भाजीपाल्याचा तुटवडा असतो तेव्हा हे झाड हिरवेगार असते, आणि सणाने त्याला पानात जागा दिली. केरळात नेमक्या पावसाळ्यातल्या कर्कटक महिन्यात हा पाला वर्ज्य मानतात. एकाच किनाऱ्यावर दोन उलट रीती आहेत, आणि दोन्ही ठिकाणी बाकीचे वर्ष तो आवडीने खातात. देशावर या भाजीचा रिवाज कमी. तिथे शेंगांची आमटी आणि पिठले माहीत आहे, पाला मात्र शेळ्यांना जातो.

पाल्याच्या गुणांबद्दल आज जे बोलले जाते त्यात अतिशयोक्ती फार आहे आणि ती दूर करणे शेवग्याच्या चाहत्यांचेच काम आहे. दुधाच्या सतरा पट कॅल्शियम, असे पुडीवर छापलेले असते. ही तुलना शंभर ग्रॅम वाळलेल्या पुडीची शंभर ग्रॅम पातळ दुधाशी असते. शंभर ग्रॅम पूड कुणी खात नाही. खातात एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, आणि त्यात फार तर शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम येते. पेलाभर दुधात त्याच्या दुपटीहून अधिक असते. पाला वाळवताना जीवनसत्त्व क बहुतेक निघून जाते, ही गोष्ट पुडीवर छापत नाहीत. ताज्या पाल्याचे खरे आकडे तसेही उत्तम आहेत: शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅम प्रथिने, तीनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम, भरपूर अ-जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य, आणि क-जीवनसत्त्व. पालेभाज्यांत हे फार वरचे स्थान झाले. आणि ते मिळते ताज्या पाल्यातून, म्हणजे दारच्या झाडातून. महागड्या डबीतल्या हिरव्या पुडीपेक्षा दहा रुपयांचेही मोल नसलेल्या मूठभर बिया घराच्या जेवणाला जास्त देतील, हे मी आकड्यांच्याच आधारे म्हणतो. हे झाड औषधांचा राजा नाही, शंभर रोगांवर उतारा नाही. ते एक उत्तम भाजीचे झाड आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे सगळे परके वाटेल. त्याच्यासाठी अपेक्षा बदलावी लागते. कुंडीत शेंगांची आशा धरू नये. एखाद-दुसरी आली तर आनंद. पण दीड-दोन फूट खोल, तळाला मोठी भोके असलेल्या पिंपात चार-पाच बिया पेरून, रोपे दोन फुटांवर खुडत ठेवली, तर दर तीन-चार आठवड्यांनी एका भाजीपुरता पाला निघतो. ऊन मात्र पाच-सहा तासांचे हवे; उत्तरेकडच्या सज्जात शेवगा काठीसारखा लांबुडका होऊन पडतो. खोली महत्त्वाची आहे ती त्याच सोटमुळासाठी. उथळ कुंडीत फांदी एक वेळ तग धरेल, रोप खुरटेल; इथे फांदीची बाजू थोडी वरचढ आहे हे कबूल करायला हवे. मात्र सज्जात मनगटाएवढी फांदी आणून रोवण्यापेक्षा पाकिटातले बी पेरणे शहरातल्या माणसाला जमणारे आहे.

तेव्हा येत्या वसंतात एवढे करावे. बाजारातल्या हिरव्या शेंगेचे बी कोवळे असते, ते उगवत नाही. म्हणून चव माहीत असलेल्या एखाद्या झाडाच्या मालकाला आधीच सांगून दोन-चार शेंगा झाडावरच पूर्ण वाळेपर्यंत राखून घ्याव्यात. तपकिरी होऊन खडखडू लागल्या की बी काढावे, पोचट आणि किडके टाकून द्यावे. रात्रभर पाण्यात भिजवून, पंख काढण्याची खटपट न करता, बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर, जिथे झाड वाढवायचे तिथेच पेरावे. पिशवीत रोप करायचेच असेल तर लांब पिशवी घ्यावी आणि महिन्याभरात सोटमूळ न दुखावता जमिनीत हलवावे. काळ्या जमिनीत आणि कोकणातल्या सखल जागी मातीचा उंचवटा करून त्यावर पेरावे, कारण तुंबलेल्या पाण्यात शेवग्याची मुळी कुजते. देशावर पहिला पाऊस झाला की पेरायला हरकत नाही. कोकणात एक तर वैशाखात पाणी घालून रोप आधी वाढवून घ्यावे, नाही तर पावसाचा जोर ओसरल्यावर भाद्रपदात पेरावे. एका जागी दोन-तीन बिया टाकाव्यात आणि उरलेले बी शेजारच्या घरी द्यावे. डबीत पुढल्या वर्षांसाठी साठवून ठेवू नये. वर्ष उलटले की शेवग्याच्या बियांची उगवण घटत जाते.